खालच्या दिशेची हद्द

आमच्या मळ्यातल्या विहिरीला सव्वीस पायऱ्या होत्या. मिरज तालुक्याच्या पूर्वेकडचं गाव. वर हात-दीड हात काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या आणि त्याखाली काळा फत्तर. १९७२च्या दुष्काळात पाणी शेवटच्या पायरीखाली गेलं. वडिलांनी वडर बोलावले, सुरुंग लावले आणि विहीर आणखी दोन परस खोल केली. नव्या खोदाईला पायऱ्या नव्हत्या, बांबूची एक शिडी सोडली होती. घरातले सगळे त्या शिडीवरून उतरत. आजी उतरत नसे. ती सव्विसाव्या पायरीवर घागर टेकवून उभी राहायची आणि खालून कुणीतरी कळशीनं पाणी वर द्यायचं. बहुतेक वेळा ते काम माझ्याकडे असे. तेरा वर्षांचा होतो. एकदा वैतागून म्हणालो, "आजी, शिडीच्या चार पायऱ्या तर हाईत. उतर की."

"पाणी खाली गेलं म्हणून माझी हद्द खाली जात न्हाई, बाळ," ती म्हणाली आणि घागर पुढे केली.

आजीनं दिग्व्रत घेतलं होतं. गावात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास झाला होता, तेव्हा बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, चार माणसांदेखत. जैन श्रावकाच्या बारा व्रतांतलं हे एक व्रत. गृहस्थानं दाही दिशांना आपली हद्द ठरवायची आणि आयुष्यभर ती ओलांडायची नाही. आजीची हद्द पूर्वेला पंढरपूर, पश्चिमेला कोल्हापूर, उत्तरेला कऱ्हाड, दक्षिणेला श्रवणबेळगोळ अशी होती. वरची दिशा विंध्यगिरीच्या माथ्याइतकी, कारण बाहुबलीचं दर्शन जन्मात एकदा तरी घ्यायचं होतं. आणि खालची दिशा विहिरीची शेवटची पायरी. तिच्या सगळ्या प्रपंचात त्यापेक्षा खोल जायची वेळ कधी येईल असं तिला वाटलंच नव्हतं.

मी पुढे भूवैज्ञानिक झालो. चौतीस वर्षं सरकारी नोकरी केली. खालच्या दिशेला काय आहे हे शोधणं, तेवढंच माझं काम. त्या चौतीस वर्षांत मला विहिरीची ती पायरी अनेकदा आठवली, पण तिचा अर्थ नीट उलगडला तो थरच्या वाळवंटात, एका संरक्षित क्षेत्राच्या कडेला. तेच सांगण्यासाठी हा लेख लिहितो आहे.

जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत मिळून ३,१६२ चौरस किलोमीटरचं मरुभूमी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८० साली ते घोषित झालं. नाव राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याच्या दृष्टीनं ते अभयारण्य आहे, आत गावं आहेत, ढाण्या म्हणजे लहान वस्त्या आहेत, गुरंढोरं आहेत. सेवण गवत, फोग, केर, खीप, मधेच एखादं खेजडीचं झाड. आणि माळढोक. राजस्थानात त्याला गोडावण म्हणतात. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर, गवताच्या आडोशाला. जगात आता हे पक्षी दीडशेच्या आसपासच उरले आहेत आणि त्यातले बहुतेक या भागात आहेत.

पण भूवैज्ञानिकाला हीच जमीन दुसऱ्या नजरेनं दिसते. तिच्याखाली आणि आजूबाजूला जुरासिक काळापासूनचे खडक आहेत. जैसलमेरचा किल्ला ज्या पिवळ्या चुनखडकाचा आहे तो याच थरांतला. जवळच आकल इथे त्या काळातल्या वृक्षांचे दगड झालेले बुंधे उघड्यावर पडले आहेत, सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे. मी पहिल्यांदा तिथे गेलो तेव्हा एका बुंध्यावर तळहात ठेवून बराच वेळ उभा होतो. सानूचा चुनखडक पोलाद कारखान्यांना जातो. बाडमेरकडे गिरळचा लिग्नाइट आहे, आणि २००४ साली मंगला हे खनिज तेलाचं मोठं क्षेत्र सापडलं. अशा प्रदेशात तुम्ही एक रेषा आखून म्हणता, 'याच्या आत हात लावायचा नाही.' मग कुणाच्याही मनात प्रश्न येणारच की आत काय आहे? निदान मोजून तरी ठेवावं.

आमच्या पथकाकडे एक टोपोशीट होतं, १:५०,०००चं. त्याचा साधारण तिसरा हिस्सा उद्यानाच्या हद्दीत येत होता. काम भूरासायनिक नकाशाचं. कागदावर दोन किलोमीटर बाय दोन किलोमीटरचे चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातून मातीचा नमुना आणायचा. ऐकायला सोपं वाटतं. वाळवंटात ते सोपं नाही, कारण वरची वाळू तिथली नसते. वाऱ्यानं ती कुठून कुठून आणून टाकलेली असते. ती तपासली तर तुम्हाला दुसऱ्याच गावाची कुंडली मिळते. म्हणून वाळू बाजूला सारून खालच्या मूळ खडकाच्या झिजेपर्यंत पोचावं लागतं. मग तो नमुना चाळायचा, कापडावर त्याचा ढीग करायचा, ढिगाचे चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि दोन टाकायचे. पुन्हा ढीग, पुन्हा चार भाग. शेवटी जे उरतं ते कापडी पिशवीत, पिशवीवर क्रमांक. नमुना घेताना हातातली अंगठी काढून ठेवायची, नाहीतर सोन्याचा अंश नमुन्यात उतरतो आणि प्रयोगशाळेला वाटतं की वाळवंटात सोनं आहे. लग्नातली अंगठी मी त्या मोसमात चार महिने खिशातल्या डबीत ठेवली होती.

उद्यानाच्या हद्दीत आम्ही पायी फिरलो, सोबत वनरक्षक, हातात फक्त खुरपं आणि चाळणी. खड्डा पुन्हा बुजवायचो. एका चौकोनात ओरण लागलं. ओरण म्हणजे देवीच्या किंवा लोकदेवतेच्या नावानं सोडलेली जमीन, शब्द अरण्यावरूनच आला आहे. तिथे कुऱ्हाड चालत नाही, गुरं चरू शकतात, वाळून पडलेली काटकी उचलता येते. आपल्याकडची देवराई आठवावी, फक्त इथे दाट झाडांऐवजी गवत आणि आभाळ. एक म्हातारा मेंढपाळ दूरवरून आमच्याकडे बघत होता. मी पिशवी बांधली तेव्हा जवळ आला. त्यानं विचारलं, "साहेब, यातून कळणार कधी?"

म्हटलं, "सहा-आठ महिने लागतील."

पुढच्या मोसमात राहिलेल्या चौकोनांसाठी आम्ही परत गेलो तेव्हा तो पुन्हा भेटला. त्यानं मला ओळखलं. "किती निघालं?" त्याचा पहिला प्रश्न. मी खरं ते सांगितलं. काही निघालं नाही, साधी माती आहे. त्यानं डोक्यावरचं पागोटं काढलं, पुन्हा घातलं आणि म्हणाला, "मग बरं झालं." तो खरोखर सुटल्यासारखा दिसत होता. त्यानं आम्हाला बकरीच्या दुधाचा चहा पाजला.

त्या रात्री तंबूत मला झोप लागली नाही. त्याच्या पूर्वजांनी ही जमीन देवीला दिली होती. किती पिढ्या ती तशीच राखली होती. आणि आता तिचं राहणं माझ्या पिशवीतला आकडा शून्य असण्यावर अवलंबून होतं, निदान त्याला तसं वाटत होतं. आकडा मोठा निघाला असता तर देवी पुरेशी ठरली नसती, हे तो माझ्या आधी ओळखून होता. ज्या जमिनीत काहीच नाही म्हणून ती आपण सोडतो, तिला सोडणं म्हणावं का? माझ्या घरात जे नाहीच ते मी दान दिलं असं मला म्हणता येत नाही.

इथे मला आजीच्या व्रताकडे वळावं लागतं, कारण या प्रश्नावर इतक्या बारकाईनं विचार झालेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. अतिचार म्हणजे व्रताला पडणारा तडा, संपूर्ण भंगाच्या अलीकडचा. पहिले तीन वर, खाली आणि तिरपं हद्द ओलांडण्याचे. पूज्यपादांची सर्वार्थसिद्धी ही त्यावरची टीका. तिच्यात खालच्या दिशेसाठी जे उदाहरण दिलं आहे ते विहिरीत उतरण्याचं आहे. मी ते वाचलं तेव्हा निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. पुस्तक मिटून मी गप्प बसलो. आजी निरक्षर होती. तिनं ती टीका कधी ऐकली असेल असं नाही, पण ती त्या पायरीवर बरोबर उभी होती.

चौथा अतिचार क्षेत्रवृद्धी. ठरवलेली हद्द लोभापायी वाढवण्याचा मनातला बेत. पूज्यपादांनी इथे अभिसंधी हा शब्द वापरला आहे, म्हणजे हेतू. पाऊल अजून पडलेलं नाही, फक्त मनानं पलीकडचं आपलं धरलं आहे. आणि पाचवा स्मृत्यंतराधान, हद्द कुठे होती तेच विसरून जाणं. या दोन्हींवर मी आयुष्यातले कितीतरी शासकीय कागद पारखून पाहू शकतो. सोलापूरजवळच्या नान्नजचं माळढोक अभयारण्य आपल्या घरचंच उदाहरण. १९७९ साली ते झालं तेव्हा क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. २०१२ साली ते १,२२२ चौरस किलोमीटर उरलं. या कपातीला खरी कारणं होती, हेही मी मान्य करतो. माणसांची घरं, शेतं, बाजारपेठा सगळं त्या रेषेच्या आत आलं होतं आणि लोकांना साध्या साध्या व्यवहारांत त्रास होत होता. पेलणार नाही इतकं मोठं व्रत घेतलं की ते असंच मोडतं. पण आज माझ्या नात्यातल्या तरुण मुलांना विचारलं तर मूळ आकडा एकालाही ठाऊक नाही.

मग आत काय आहे हे मोजणं हा अतिचार आहे का? हा माझ्यापुरता खरा प्रश्न आहे आणि मी त्याचं उत्तर लगेच 'हो' असं देणार नाही. जैन विचारात जाणणं हा दोष नाही. केवलज्ञानी तर सगळंच जाणतो, पृथ्वीच्या पोटातला कण न् कण जाणतो आणि त्यातलं काहीही त्याला नको असतं. उलट न जाणता सोडणं हे दुबळं सोडणं आहे. कशावर पाणी सोडतो आहोत हे माहीत असलेल्या माणसाचा त्याग जास्त घट्ट असतो. या बाजूनं पाहिलं तर मोजायलाच हवं.

अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटाचे सर्वेक्षण अहवाल मी नोकरीच्या सुरुवातीला ग्रंथालयात बसून वाचायचो, कामाची पद्धत शिकण्यासाठी. तिथे १९६४ साली वन्यप्रदेशांचा कायदा झाला. त्यात एक विचित्र तरतूद आहे. जमीन मानवी हस्तक्षेपापासून मुक्त ठेवायची, पण १९८३च्या ३१ डिसेंबरपर्यंत तिच्यात खाणीचे नवे दावे लावता येतील. शिवाय तिथल्या खनिजांचं सर्वेक्षण ठरावीक काळानं पुन्हा पुन्हा करत राहायचं. उपवास धरायचा आणि रोज सकाळी शिंक्यातलं लोणी तोलून पाहायचं, तसं हे आहे. पण १९७६च्या सार्वजनिक जमिनींच्या कायद्यानं वेगळा क्रम घालून दिला. ज्या जमिनी राखाव्यात की नाही हा निर्णय व्हायचा आहे, तिथे आधी भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि खाण ब्युरो यांनी मोजणी करावी, अहवाल अध्यक्ष आणि काँग्रेससमोर जावा, मगच निर्णय. त्याप्रमाणे कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात पथकं हिंडली. कोरड्या ओढ्यांच्या पात्रातली माती चाळली, जड खनिजं पाखडून वेगळी केली, विमानातून चुंबकत्व मोजलं. प्रत्येक अहवालात शक्यता उच्च, मध्यम की कमी आणि त्याबद्दलची खात्री किती, हे लिहिलं. नंतर १९९४ साली काँग्रेसनं कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले ६९ वन्यप्रदेश कायद्यानं राखले. टर्टल माउंटन्स हा त्यांतलाच एक. समोर आकडे होते आणि तरी सोडलं. मला यात श्रावकाच्या व्रताची रीत दिसते. घरात काय आहे ते मोजायचं, मग चारचौघांत मर्यादा सांगायची आणि त्यानंतर पुन्हा तिजोरी उघडायची नाही.

आपल्याकडे क्रम उलटा होतो आहे, ही माझी काळजी. रेषा आधी आखली आहे आणि मोजणीची भाषा आता सुरू होते आहे. १९८०च्या वन संरक्षण कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. तिच्याप्रमाणे टेहळणी, पूर्वेक्षण, समन्वेषण, भूकंपीय सर्वेक्षण अशी कामं वनेतर वापर समजू नयेत, असा आदेश केंद्र सरकार काढू शकतं. अभयारण्याला वन्यजीव कायद्याचं वेगळं कुंपण आहे, आणि सर्वोच्च न्यायालयानं जून २०२२मध्ये अभयारण्यांच्या आत खाणकाम नाही हे स्पष्ट केलं आहे, हे खरं. तरी त्या दुरुस्तीमागचा विचार मला अस्वस्थ करतो. नुसतं पाहणं म्हणजे वापरणं नव्हे, असा तो विचार आहे. मी पाहणाऱ्यांपैकी आहे. आमच्या पाहण्याला एक जिना असतो हे मला माहीत आहे.

तो जिना असा. संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीप्रमाणे खनिजाच्या शोधाचे चार टप्पे आहेत. जी-४ म्हणजे टेहळणी, जी-३ प्राथमिक, जी-२ सर्वसाधारण, जी-१ तपशीलवार. प्रत्येक टप्प्याला आधीच्यापेक्षा खोल जायचं. पहिल्यात खुरपं, पुढे चर, मग ड्रिलिंग मशीन आणि दोन छिद्रांमधलं अंतर कमी कमी. प्रत्येक अहवालाच्या शेवटी एकच प्रश्न असतो की पुढच्या टप्प्याची शिफारस आहे की नाही. म्हणजे अभिसंधी आमच्या अहवालातच बांधलेली आहे. केवलज्ञान्याचं जाणणं जाणण्यापाशीच थांबतं. आमचं जाणणं खालच्या पायरीकडे बघत असतं. शिवाय ते कागदावरून पुसलं जात नाही. देशातल्या खनिजसाठ्यांची यादी नागपूरच्या भारतीय खाण ब्युरोत राहते. जो साठा आज काढता येत नाही तोही संसाधन म्हणून नोंदीत जगतो, किंमत वाढायची, कायदा बदलायची वाट पाहत. संसाधन या शब्दाबद्दलच माझी तक्रार आहे. साधन म्हटलं की ते कशाचं तरी साधन असतं. जे फक्त असावं म्हणून आहे, त्यासाठी आमच्या तक्त्यात शब्द नव्हता.

दिग्व्रताबद्दल शास्त्रात आणखी एक गोष्ट सांगितली आहे आणि मला ती सगळ्यांत सुंदर वाटते. गृहस्थाची व्रतं छोटी असतात, अणुव्रतं. शेती, व्यापार, घर चालवताना हिंसा पूर्ण टळत नाही. पण त्यानं आखलेल्या हद्दीच्या पलीकडे तो मनानं, वाचेनं, कायेनं काहीच करत नाही. म्हणून त्या पलीकडच्या सगळ्या जगापुरतं त्याचं अणुव्रत महाव्रतासारखं होतं. तिथे तो मुनीच्या तोडीचा ठरतो. माझी आजी सव्विसाव्या पायरीखालच्या पृथ्वीपुरती मुनी होती. एखादा देश आपल्या भूमीचा एक तुकडा राखतो तेव्हा त्या तुकड्यापुरता तोही त्याच पदाला पोचू शकतो, अशी माझी श्रद्धा आहे. अट एकच की मनही त्यात आलं पाहिजे.

मी खाणींच्या विरोधात नाही. जैन आचारग्रंथांत श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत स्फोटकर्म आहे, जमीन फोडण्याचं काम, आणि माझा पगार त्याच कामाच्या पहिल्या पायरीतून आला. आमच्या घराण्यात नांगर चालला, तोही जमीन फोडतोच. सानूचा चुनखडक नसता तर पोलाद कुठून येणार? दिग्व्रत कुणाला घरात बसायला सांगत नाही, ते फक्त पलीकडचा काठ दाखवतं. थरचं वाळवंट अफाट आहे आणि उद्यान त्याचा लहानसा भाग. त्या लहानशा भागापुरतं माझं मत असं की जमिनीवरून जेवढं कळतं तेवढं एकदा कळून घ्यावं, ते प्रसिद्ध करावं आणि तिथे थांबावं. छिद्र पाडू नये. दर दहा वर्षांनी नव्या यंत्रानं पुन्हा मोजायला जाऊ नये. ओरणांना वनाचा दर्जा देण्यासाठी त्यांचं सर्वेक्षण करा असं सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४मध्ये राजस्थानला सांगितलं आहे. ती मोजणी मात्र लवकर व्हावी, कारण ती हद्द आठवणीत ठेवण्यासाठीची मोजणी आहे.

आता माझी चूक सांगतो. त्या टोपोशीटच्या अहवालात उद्यानाच्या हद्दीतल्या चौकोनांबद्दल मी पुढच्या टप्प्याची शिफारस केली नाही. ते ठीक. पण कारण लिहिलं, 'मूल्ये नगण्य'. ते वाक्य खरं होतं आणि लिहायला नको होतं. उद्या अधिक बारीक यंत्र आलं, एखाद्या धातूचा भाव दसपट झाला, की माझ्याच वाक्यानं दार उघडतं. नगण्य तेव्हा होतं, आता नाही. त्या म्हाताऱ्याला मी हेच सांगितलं होतं, काही नाही, साधी माती आहे. ती माती अनमोल निघाली असती तरी माझं उत्तर बदलायला नको होतं.

ऑक्टोबरात नवा मोसम सुरू होईल. सांगली, कोल्हापूर, नागपूरहून शिकून गेलेली मुलं-मुली तंबू घेऊन त्या वाळूत उतरतील. अंगठ्या काढून ठेवतील, चाळण्या घेतील. त्यांच्यापैकी कुणाचा चौकोन राखीव रेषेच्या आत पडला तर त्यांना माझी विनंती आहे. मोजा, नीट मोजा, आकडा खरा लिहा. शिफारशीपुढे 'नाही' लिहा. आणि कारण लिहिताना मूल्याचं नाव काढू नका. 'क्षेत्र संरक्षित आहे' एवढंच लिहा.